भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन खान्देश फिरलो : माझे साडेतीन स्टार, आप्पांचे अडीच

आधी निकाल सांगते, कारण लांबलचक रिव्ह्यू वाचून शेवटी 'एकंदर अनुभव छान' एवढंच हाती लागलं की मला स्वतःला चीड येते. तर : छोटी कॅम्पर व्हॅन, स्वतः चालवायची, नाशिकहून महिन्याच्या बोलीवर घेतली, खान्देशात फिरवली. घ्यावी का? हो, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच, आणि सगळ्यात लहान साईझचीच, आणि फ्रिज-टीव्ही-एसीचं 'प्रीमियम पॅकेज' अजिबात घेऊ नका. स्वस्त पडेल म्हणून तर मुळीच घेऊ नका, पडत नाही, हिशेब खाली दिलाय. कंपनीचं नाव टाकत नाहीये, अशा गाड्या देणारे आता बरेच झालेत आणि गाड्या आतून साधारण एकाच छापाच्या असतात, त्यामुळे हे कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू पडेल.

मी पुण्यात अकाउंट्समध्ये आहे, ऑफिसकडून सॅबॅटिकल मंजूर झाली, बिनपगारी. नातेवाइकांत पहिला प्रश्न 'नोकरी गेली का गं' आणि दुसरा 'एवढी सुट्टी आहे तर लडाख-हिमाचल करायचं ना, धुळं-नंदुरबारात काय ठेवलंय'. आता माझं सगळं बालपण चोपड्यात गेलं, गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ रोज दिसायची, आणि त्या रेघेच्या आत मी शाळेच्या उनपदेवच्या सहलीपलीकडे कधी गेलेच नव्हते. आणि आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर, चोपडा आणि शहादा डेपोत सगळी नोकरी, म्हणजे या भागातला एकूणएक रस्ता त्यांच्या पायाखालचा, नव्हे चाकाखालचा. पण टाईमटेबलवर. प्रकाशाला पुलावरून हजारदा गेले असतील, तापी-गोमाईच्या संगमावर खाली उतरून केदारेश्वराच्या पायऱ्यांवर निवांत बसले नव्हते, कारण गाडी तिथं तीन मिनिटं थांबायची. म्हणून म्हटलं चला, आता थांबत थांबत जाऊ.

गाडीबद्दल. ही टेम्पो ट्रॅव्हलरच्या साईझची मोठी कॅराव्हॅन नाही, साधी पेट्रोल व्हॅन आतून बदललेली. मागची सीटं काढून लाकडी पेटी, पेटीवर गादी, पेटीच्या खाली सामान, मागचं दार वर उघडलं की छोटा ओटा बाहेर सरकतो त्यावर एक बर्नरची शेगडी, ४० लिटरची पाण्याची टाकी, छोटा पंप, टपावर सोलर पॅनल, बाजूला गुंडाळलेली ताडपत्री जी ओढली की छत होते. झोपायला म्हणे दोन मोठी माणसं. आप्पा पावणेसहा फूट आहेत, त्यांचे पाय दाराला लागायचे, त्यामुळे ते दुसऱ्या रात्रीपासून बाहेर ताडपत्रीखाली फोल्डिंग खाटेवर झोपायला लागले आणि मग त्यांना तिथून हलवणं अवघड झालं. थंडीत सुद्धा. डिसेंबरात धुळ्याचा पारा सात-आठ अंशावर येतो तेव्हा मी आत दोन गोधड्यांत आणि हे बाहेर कानाला मफलर बांधून घोरतायत.

गाडी ताब्यात घेताना एक गोष्ट न चुकता बघा, नंबर प्लेट. स्वतः चालवायला कायदेशीर भाड्यानं दिलेल्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कोणी 'ओळखीत' स्वस्तात देत असेल तर नको, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आतलं फर्निचर, गॅस वगैरे बदल आरसी बुकात चढवलेत का तेही विचारा, आमच्या गाडीचे होते आणि कंपनीनं न कुरकुरता कागद दाखवले, त्याचा एक आख्खा स्टार. टायर, स्टेपनी, जॅक पण नीट. आप्पांनी गाडीखाली आडवं होऊन बघितलं आणि उठून म्हणाले 'गाडी चांगली शे, सजावट फालतू शे' (शे म्हणजे आहे), आणि पुढे तेच खरं ठरलं.

सजावट का फालतू ते सांगते. खान्देशात गाडीचा खरा शत्रू धूळ. मालेगावकडून धुळ्यापर्यंत हायवे मस्त, लळिंगचा किल्ला दिसला की धुळं आलंच, तिथून सोनगीर-शिरपूर पण झकास. पण आम्हाला सातपुड्याच्या पायथ्यानं जायचं होतं म्हणजे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता, शहादा-शिरपूर-चोपडा-यावल-रावेर. हा रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांनी एवढंच समजा की काही तुकडे बरे, काही तुकड्यांत खड्डा कुठला आणि रस्ता कुठला ते ड्रायव्हरनं ठरवायचं, आणि पुढे केळीचा ट्रक असला की समोर सगळा पिवळट पडदा. आमच्या व्हॅनच्या मागच्या दाराचं रबर ओट्याच्या कामात कापलेलं, त्या फटीतून धूळ सरळ गादीवर. संध्याकाळी दार उघडलं की पिठाच्या गिरणीत बिछाना घातल्यासारखं दिसायचं. मी रोज गादी झटकायचे, चादर झटकायचे, शेवटी शिरपूरच्या बाजारातून दाराला लावायची रबरी पट्टी आणली, ऐंशी रुपयांची, चिकटवली, पुष्कळ फरक पडला. आता ८० रुपयांचं काम कंपनीला सुचू नये? टीव्ही लावायला सुचतं बरोबर.

आता वीज, कारण यात लोक फसतात. जाहिरातीत लिहितात 'सोलर, फ्रिज, फॅन, सगळं ऑफग्रिड', म्हणजे बाहेरची लाईट न जोडता. आमच्या गाडीत १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची साधी लेड बॅटरी होती. म्हणजे कागदावर १२०० वॉट-अवर, पण लेड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणजे हातात ६०० धरा. छोटा फ्रिज चालू असताना पन्नासेक वॉट घेतो. रात्री थंडीत तो मधेमधे थांबतो तेव्हा चालून जातं, पण दुपारी गाडी उन्हात असली की कॉम्प्रेसर थांबतच नाही, बारा तासांत बॅटरी बसली. मग म्हणतात सोलर आहे ना. अहो, सोलरला ऊन पाहिजे आणि माणसाला सावली! निंबाखाली गाडी लावली की पॅनल झोपतो, उन्हात लावली की गाडी तापते म्हणून फ्रिज जास्त वीज खातो. वर पॅनलवर धूळ, ती रोज पुसायची म्हणजे टपावर चढा. आम्ही तिसऱ्या-चौथ्या दिवशी फ्रिज बंद करून त्यात कांदे-बटाटे ठेवले, पिण्याचं पाणी एका रांजणवाल्याकडून घेतलेल्या छोट्या माठात, आणि प्रश्न मिटला. लिथियम बॅटरीवाली गाडी मिळत असेल तर गोष्ट वेगळी, ती जवळजवळ पूर्ण वापरता येते, बुक करताना हा प्रश्न विचाराच. एसीबद्दल बोलतच नाही, तो फक्त बाहेरून लाईट जोडली तरच चालतो आणि लाईट जोडायची सोय जिथं आहे तिथं खोली पण मिळते.

पण गाडीचं चांगलं काय ते पण सांगायला पाहिजे, आणि ते मला तोरणमाळला कळलं.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुका, अकराशे मीटरहून उंच. शहाद्याहून वर जाताना सात पायरीचा घाट लागतो, वळणावर वळण, मोठी कॅराव्हॅन घेऊन मी तरी गेले नसते. आमची छोटी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कुरकुरत चढली. आप्पांनी घाटात स्टिअरिंग घेतलं (करारात दोन ड्रायव्हरांची नावं टाकता येतात, टाका, फुकट आहे) आणि प्रत्येक वळणावर हॉर्न, प्रत्येक वळणावर मला लेक्चर, 'उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही माय, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं.' वर यशवंत तलाव, सीताखाई, संध्याकाळी गार वारा, आणि दिवाळी-महाशिवरात्र सोडली तर गर्दी नाही. लोक एका दिवसात येऊन पॉइंट बघून जातात. आम्ही राहिलो. सकाळी उठून मागचं दार वर केलं की समोर धुक्यातला तलाव, चहा हातात, कुठं जायचं नाही, कोणाचा फोन नाही कारण रेंजच धड नाही. त्या सकाळी मला सॅबॅटिकलचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, गाडीचे नंतर.

आणि उतरताना मधे जंगलात थांबलो ते घुबडासाठी. रानपिंगळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हा छोटा पिंगळा १८८४ नंतर कोणाला सापडलाच नव्हता, लोकांनी नामशेष धरला होता. संग्रहालयात १९१४ सालचा म्हणून एक नमुना होता तो पण चोरून, खोटं लेबल लावून घुसडलेला निघाला, मग अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात तो सापडला, कुठे, तर आपल्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला. ११३ वर्षांनी! आप्पा तेव्हा शहादा डेपोला होते. म्हणाले, 'म्हणजे मी रोज त्याच्या खालून गाडी नेत होतो?' हा पक्षी दिवसा पण बाहेर असतो, सागाच्या उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे दिसायची शक्यता खरी असते, फक्त तासन्‌तास एका जागी बसावं लागतं. कॅम्परचा उपयोग इथे आहे. खुर्ची टाका, पाणी आहे, सावली आहे, खायला आहे, हॉटेलचं चेकआउट नाही. आम्हाला आवाज ऐकू आला, पाठमोरा दिसला, एवढ्यावर मी खूष. आवाजाची रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलावणारे एक ग्रुपवाले भेटले, त्यांना आप्पांनी असं झापलं की बस.

स्वयंपाकाच्या ओट्याला मी पाचपैकी एक देते. पसारा मांडायला अर्धा तास, वाऱ्यात बर्नर विझतो, भांडी घासायला पाणी कुठलं. आणि मुळात खान्देशात गाडीत कशाला शिजवता? धाब्यावर काळ्या मसाल्याची शेवभाजी, सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ, बाहेरगावच्यांसाठी सांगितलं), कांदा, ठेचा, दोघांचं बिल दोनशे-अडीचशेत. आम्ही ओटा फक्त चहाला आणि पोह्याला वापरला. यावल-रावेरकडे गेलो तेव्हा तर भरिताचा सीझन. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर ती हिरवी पांढरट मोठी वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, खोबऱ्याचे काप, आणि पुऱ्या. बामणोदच्या वांग्याचं नाव ऐकलंच असेल, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, केळीला पण त्याच साली. आम्ही आप्पांच्या एका जुन्या कंडक्टर मित्राच्या मळ्यात गाडी लावली होती, त्यांच्याकडे भरीत पार्टी होती, चाळीस माणसं, आणि सगळी येऊन येऊन गाडी बघून गेली. 'यात संडास कुठं शे?' हा सगळ्यांचा कॉमन प्रश्न. उत्तर, नाही. लहान गाडीत नसतो. एक घडीची खुर्ची-बादली टाईप देतात, त्याबद्दल न बोललेलं बरं. पेट्रोल पंप, मंदिराचं भक्तनिवास, मळ्यातलं घर, याच्यावर भागतं.

त्याच मळ्यात केळीचे डाग पडले. निघताना त्यांनी कापलेला आख्खा घड गाडीत ठेवला, नको म्हटलं तरी, पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. घडाच्या दांड्यातून चीक गळला तो गादीच्या कव्हरवर आणि लाकडी पेटीवर. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही हे रावेरच्या शेंबड्या पोराला पण माहिती, म्हणून मळ्यातले लोक वेगळे कपडे घालतात. नाशिकला गाडी परत देताना कंपनीनं २,५०० कापले डिपॉझिटमधून. कव्हर बदलायचे ठीक आहे, मान्य, पण त्यांनी 'डीप क्लीनिंग' म्हणून जे लावलं ते जास्त होतं, आणि दाराला मी लावलेल्या रबराचे ८० रुपये मागितले तर हसायला लागले. डिपॉझिट १५,०००, बाकीचं आठवड्यात परत आलं, फोन न करता. तेवढं खरं.

बिघाडावर सर्व्हिस कशी? मध्यम. पाण्याचा पंप बंद पडला शहाद्याजवळ, कंपनीला फोन केला तर म्हणे व्हिडिओ पाठवा, व्हिडिओ पाठवला तर म्हणे जवळचं अधिकृत सेंटर धुळे किंवा नाशिक. पंपासाठी धुळ्याला कोण जाणार. बाजारात ट्रॅक्टरची वायरिंग करणाऱ्याकडे गेलो, त्यानं पॅनेल उघडलं, फ्यूज बदलला, दहा रुपयाचा फ्यूज आणि वर दोन जादा दिले, मजुरी घेईना, 'चहा पीसन जा' म्हणून बसवून ठेवलं ते अर्धा तास. म्हणून माझा सल्ला, दोन-चार सुटे फ्यूज, टेस्टर, रबर पट्टी, एक्स्ट्रा पाईप सोबत ठेवा आणि कंपनीच्या हेल्पलाईनवर विसंबू नका.

रात्री कुठे झोपायचं हा सगळ्यात मोठा विषय. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात कॅराव्हॅन पार्क वगैरे आहे, आमच्या रूटवर आम्हाला एकही दिसलं नाही. अभयारण्याच्या आत गाडीत झोपता येत नाही, सूर्यास्ताच्या आत बाहेर, आणि तो नियम बरोबरच आहे. यावल अभयारण्याला (साधारण १७५ चौरस किमी, १९६९ पासूनचं) आम्ही पालकडून गेलो, रात्री गावात गाडी. पाल म्हणजे सातपुड्यातलं थंड गाव, सुकी नदी, साग, पळस, थंडीत गवत वाळून सोनेरी झालेलं. खूप काही 'बघण्यासारखं' नाही आणि तेच बरंय.

चाळीसगावकडे उलट. पाटणादेवी गौताळा अभयारण्यातच येते, मंदिराच्या पार्किंगला दिवसभर गाडी ठेवली, संध्याकाळी बाहेर काढली. चंडिकादेवीचं हे यादवकाळातलं मंदिर डोंगरांच्या कुशीत आहे, मागे धवलतीर्थाचा धबधबा, जो थंडीत बारीक झालेला असतो. या पाटण्यातच तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो शिलालेख सापडला, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, इथे मठ काढला त्याचा. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. जंगलात गणिताचा मठ! मी अकाउंट्सवाली, मला फार भारी वाटलं, आप्पांना मंदिराजवळच्या माकडांनी केळी पळवली त्याचं जास्त कौतुक.

आणि चाळीसगावात स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर-संग्रहालय जरूर बघा. हा माणूस इंग्लंडला जाऊन फोटोग्राफी शिकून आला आणि मग कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही, १९८९ ला गेला तोवर. घरातच टेबलावर कापूस, पीठ, वाळलेल्या फांद्या मांडून बर्फाळ डोंगर, जंगलं उभी करायचा आणि त्यांचे फोटो काढायचा, जगभरची बक्षिसं मिळवली. म्हणजे आम्ही महिनाभर पेट्रोल जाळत निसर्ग शोधतोय आणि हा खोलीतून न हलता! मी आप्पांना म्हटलं, तर ते म्हणाले त्याला घर सोडून जायचंच नव्हतं, तुला पुणं सोडून यायचं होतं, दोन वेगळ्या केसेस आहेत.

हतनूर धरण एका वाक्यात आटपत नाही पण आटपते : मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, धरणाचं पाणी मागे पसरलेलं, थंडीत चक्रवाक, वारकरी (हा पण पक्षीच), नाना बदकं, पहाटे सहाला काठावर गाडी लावून बसा, मागच्या दारातून दुर्बीण. सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा लागली ती पण धरा, फक्त गाडी यात्रेपासून लांब लावा, रात्रभर लाऊडस्पीकर. थाळनेरला तापीकाठी फारुकी राजांच्या कबरी आहेत, तिथे कोणी नव्हतं, आम्ही आणि शेळ्या. एक म्हातारे शेळ्या वळत आले, 'कथाईन उनात?' (कुठून आलात?) मग आप्पांची आणि त्यांची अहिराणी सुरू झाली ती दीड तास, कोणाची जमीन, कोणाचं पाणी, कापसाला भाव नाही. शिरपूरकडचे नाले खोल करून पाणी जिरवण्याचे प्रयोग, ते शिरपूर पॅटर्न म्हणतात ते, भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांचं काम, ते बघायला जा असं त्यांनीच सांगितलं. टाईमटेबलच्या गाडीत हे होत नाही. गाडीचा हा गुण कुठल्याच जाहिरातीत नाही, त्यात नुसते फेअरी लाईट लावलेले फोटो.

आता हिशेब. भाडं महिन्याच्या रेटनं ७५,०००, सुट्या दिवसाला ३,५०० सांगतात. किलोमीटरची मर्यादा दिवसाला सरासरी १००, वर गेलं की किलोमीटरला १२ रुपये, आम्ही मुक्काम जास्त केल्यामुळे मर्यादेत राहिलो. ॲव्हरेज ११-१२, टपावरच्या सामानामुळे असेल. याउलट स्वतःची साधी कार आणि रोज १,२००-१,५०० ची लॉजची खोली धरली तर महिन्याला ३६-४५ हजारात बसतं आणि संडास-बाथरूम मिळतं. म्हणजे वरचे तीस-चाळीस हजार तुम्ही फक्त वाटेल तिथं थांबण्याचे देताय. मी दिले, पुन्हा देईन, पण महिनाभरासाठीच. चार दिवसांच्या वीकेंडला ही गाडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात, गाडी समजेपर्यंत परत करायची वेळ येते. आणि मार्चनंतर तर नावच काढू नका, भुसावळ-जळगाव मे महिन्यात ४५ च्या पुढे जातं, पत्र्याच्या डब्यात झोपणार कोण.

रात्रीच्या ड्रायव्हिंगबद्दल आप्पांची सूचना जशीच्या तशी : अंधार पडायच्या आत गाडी लावायची. या सीझनला रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या असतात मागे लाईट नसलेल्या, कापसाच्या ट्रॉल्या असतात दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, आणि शेतातून एकदम वर चढणारे ट्रॅक्टर. त्यांचे अडीच स्टारच का विचारलं तर म्हणाले, 'सीट कडक शे, आरसा लहान शे, यानापेक्षा मन्ही यष्टी बरी व्हती.' पण गाडी परत देताना चावी यांच्याच हातात होती आणि ऑफिसातल्या पोराला विचारत होते पावसाळ्याचा रेट काय.

शेवटचं, कारण मैत्रिणी हाच प्रश्न विचारतायत, एकट्या बाईनं घ्यावी का. मधे आप्पा अमळनेरला लग्नाला गेले तेव्हा मी एकटी होते काही रात्री. पहिली रात्र हायवेच्या पेट्रोल पंपावर, मॅनेजरला आधी विचारून, कॅमेऱ्याखाली, तोंड रस्त्याकडे करून, म्हणजे निघायची वेळ आली तर रिव्हर्स घ्यावा लागत नाही. झोप लागली नाही, ट्रकांमुळे, भीतीमुळे नाही. दुसरी ओळखीच्यांच्या मळ्यात, तिथे काकूंनी गाडीत झोपूच दिलं नाही, आत ओढून नेलं. नदीकाठ, धरणाचा बांध, जंगलाची कड, तिथे एकटीनं रात्र काढू नका, दिवस काढा. आमच्या गाडीचे पडदे चुंबकाचे होते, आत लाईट लावला की कडेनं बाहेर दिसायचं, जाड काळं कापड आणि चिमटे घरून न्या. आणि आतून लॉक होणारं मागचं दार आहे का ते बुकिंगच्या आधी विचारा, आमचं होत नव्हतं, मी दोरीनं ओट्याच्या कडीला बांधायचे.